औषधी पानांसाठी सौर ड्रायर केला, पण पानं काळी पडताहेत

खटपट्या
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज पहिलाच धागा काढतोय आणि तोही फसलेल्या कामाचा.

तुळस, पुदिना, अडुळसा, गवती चहा अशी पानं माझ्याकडे भरपूर निघतात. सावलीत पसरली की चार-पाच दिवस जातात आणि मधेच हवा दमट झाली तर कुबट वास धरतात. म्हणून सौर ड्रायर करायला घेतला. ऊन थेट पानांवर पडत नाही असा प्रकार निवडला. खाली काचेची तिरकी पेटी, तिच्यात काळा पत्रा. तिथे हवा तापते आणि मागच्या उभ्या बंद कपाटात शिरते. कपाटात एकावर एक चार ट्रे.

मापं देतो. काचेची पेटी ६० सेंमी रुंद, १२० सेंमी लांब. ट्रे ५५ × ५५ सेंमी, नायलॉनच्या जाळीचे. हवा आत यायला पेटीच्या खालच्या टोकाला रुंदीभर ५ सेंमीची फट. बाहेर जायला कपाटाच्या छतात २ इंची पीव्हीसी पाइप, फूटभर उंच. पत्र्यामागे थर्मोकोल.

पहिल्याच दिवशी ४ किलो तुळशीची पानं भरली. गरम हवा कपाटात शिरते तिथे दुपारी ६२ अंश! मी खूश. संध्याकाळी दार उघडलं तर खालच्या ट्रेमधली पानं तपकिरी, बोट लावलं की चुरा, वास जवळजवळ गेलेला. वरच्या दोन ट्रेमधली उकडल्यासारखी लिबलिबीत आणि काळी. दाराच्या आतल्या बाजूने पाण्याचे ओघळ. शिवाय सगळ्यालाच ऑइल पेंटचा वास, ते वेगळंच.

एकाच कपाटात खाली करपलंय आणि वर ओलं. चुकलं कुठे?

वाचकमात्र
वाचनखूण साठवली. मलाही करायचाय.

पानोपानी
खटपट्या, आधी पानांबद्दल बोलते, पेटीबद्दल जाणकार सांगतील.

तुळस, पुदिना, गवती चहा ही सुगंधी पानं. त्यांचं औषध म्हणजे बरंचसं त्यांचं उडून जाणारं तेलच. तुळस-पुदिन्यात ते पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींमध्ये असतं. पान चुरगळलं की लगेच वास येतो तो ह्याच ग्रंथी फुटल्यामुळे. अशा पानांना ३५ ते ४० अंश पुरे, ४५ च्या वर जाऊच नये. ६२ अंशांत पाणी जायच्या आधीपासूनच तुम्ही तेल हवेत सोडत होतात. सगळ्या घरात तुळशीचा मस्त वास सुटला असेल ना? तो वास म्हणजे तुमचा माल.

अडुळसा, कडुनिंब, गुडमार अशी सुगंध नसलेली पानं ५०-५५ अंश सोसतात.

काळी पडलेली पानं हा मात्र उलटा दोष आहे. पान तोडलं तरी त्यातली विकरं (एन्झाइम) जागी असतात. ओलं पान कोंदट उबेत तासन्‌तास राहिलं की ती कामाला लागतात आणि पान काळं पडतं. चुरगळलेली, धुऊन तशीच ओली भरलेली पानं सगळ्यात आधी. म्हणजे खालच्या ट्रेला ताप जास्त झाला आणि वरच्याला वारा कमी पडला.

शंकासुर
मला एक कळत नाही. इतका खटाटोप कशाला? पिढ्यान्‌पिढ्या लोक सावलीत पानं वाळवतात. जुड्या बांधून दोरीला टांगा, विषय संपला.

पानोपानी
शंकासुरभाऊ, हवा कोरडी असेल तर तुमचं शंभर टक्के खरं. मी स्वतः कोरड्या दिवसांत सावलीतच वाळवते, रंग आणि वास दोन्ही छान राहतात. पण सावलीची पद्धत चालते ती सभोवतालची हवा पाणी प्यायला तयार असते म्हणून. हवाच ८० टक्के आर्द्रतेची असेल तर पान दहा दिवस टांगलं तरी कुरकुरीत होणार नाही, वर बुरशी येईल. अशा दिवसांत हवेला थोडी ऊब देऊन तहानलेली करावी लागते.

मोजपट्टी
तहानलेली हवा! ताई, शब्द उचलते. खटपट्याभाऊंचं कोडं ह्याच शब्दात सुटतं. आकडेमोड आवडत नसेल त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडा.

बाहेरची हवा ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रता धरा. तीच हवा ४५ अंशांपर्यंत तापवली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण तिची सापेक्ष आर्द्रता साधारण २७ टक्क्यांवर येते. ४० अंशांना ३५ टक्के. पत्र्याचं काम एवढंच: हवेची तहान वाढवायची. पानं शिजवायची नाहीत.

आता पाणी किती काढायचंय? ताज्या पानात ८० टक्के पाणी धरलं आणि शेवटी १० टक्के ठेवायचं म्हटलं, तर १ किलो पानांचे सुमारे २२० ग्रॅम राहतात. किलोमागे पाऊण किलोहून जास्त पाणी बाहेर. तुमच्या ४ किलोंचं झालं ३.१ लिटर. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २.४ मेगाज्यूल लागतात, म्हणजे एकूण २ युनिटांच्या आसपास. तुमची काच ०.७२ चौरस मीटर. स्वच्छ उन्हाच्या दिवशी चौरस मीटरला ५ युनिट मिळाले आणि त्यातला पाचवा हिस्सा खरोखर पाणी काढण्यात लागला (घरगुती ड्रायरला हा अंदाज ठीक आहे), तर दिवसाला पाऊण युनिटच्या आत. तुम्ही एका दिवसाच्या यंत्रात तीन दिवसांचं काम कोंबलंत.

पण खरा चोर वेगळा आहे. ४५ अंशांची ती हवा पानांमधून जाताना घनमीटरमागे जेमतेम ४ ग्रॅम पाणी उचलते. रोज १ लिटर पाणी काढायचं तर २५० घनमीटर हवा फिरली पाहिजे. सात तासांत म्हणजे ताशी ३५-४० घनमीटर. तुमच्या २ इंची पाइपमधून एवढी हवा जायला सेकंदाला ५ मीटरहून जास्त वेग हवा. पंख्याशिवाय, फूटभर धुराड्याच्या ओढीवर, अर्धा मीटर मिळाला तरी नशीब. तुमच्या कपाटाचं नाक दाबलेलं आहे. हवा हलत नाही म्हणून ती पत्र्याजवळ ६२ अंशांपर्यंत तापते आणि वर गेली की पाण्याने भरून तिथेच थबकते. दारावरचे ओघळ तेच सांगताहेत.

हवा बाहेर जायचं तोंड १५ × १५ सेंमी करा. अर्ध्या मीटरच्या वेगालाही हिशेब बसतो.

खटपट्या
बाप रे. ६२ अंश बघून मी फोटो काढून नातेवाइकांना पाठवले होते.

शंकासुर
माझा विरोध मावळला असं समजू नका, पण हे पटलं. काचेच्या पेटीत ऊन कोंडून ताप वाढवणं अवघड नाहीच. होरास द सोस्यूर नावाच्या स्विस माणसाने १७६७ सालीच काचांची पेटी केली होती आणि पुढच्या पेट्यांमध्ये पाणी उकळण्याच्या वर ताप नेला होता. वाळवायला मात्र कोंडलेली उष्णता बाहेर सोडावी लागते आणि तिथेच हौशी माणसाचा जीव खालीवर होतो. "एवढी तापवलेली हवा वाया जातेय!" अहो, ती पाणी घेऊन चाललीय, जाऊ द्या.

सुतारपक्षी
उशिरा आलो. मी असे तीन ड्रायर केलेत, पहिला तुमच्यासारखाच फसला होता. मुद्दे सुचतील तसे लिहितो.

थर्मोकोल आधी काढा. ड्रायर रिकामा किंवा हवा बंद असताना काळ्या पत्र्याचा ताप सहज ८०-९० च्या पुढे जातो. थर्मोकोल तिथे आक्रसतो. मागची फळी काढून बघा, पैज लावतो. त्याऐवजी ग्लासवूल घाला (हातमोजे आणि मास्क लावून, आणि पूर्ण झाकून, त्याची कुसं हवेत जाता कामा नयेत), नाहीतर नारळाचा काथ्या किंवा लाकडाचा कोरडा भुसा दाबून भरा.

रंगाचा वास: रंग मॅट काळा आणि उष्णता सोसणारा घ्या. लावल्यावर ड्रायर रिकामाच, तोंडं उघडी ठेवून, आठवडाभर कडक उन्हात तापू द्या. कपाटाला आतून रंग लावूच नका, काही गरज नाही. स्वस्त प्लायवूडच्या डिंकालाही वास असतो, त्यालाही असंच तापवून घ्या. सुगंधी पानं आजूबाजूचा वास फार पटकन ओढून घेतात.

हवा पत्र्याच्या वरून जाते की खालून? तुम्ही वरून, काच आणि पत्रा यांच्यामधून नेली असणार. तसं केलं की गरम हवा काचेला घासत जाते आणि काच उष्णता बाहेर टाकते. पत्रा काचेपासून ३-४ सेंमी खाली बसवा आणि हवा पत्र्याच्या खालून न्या. किंवा पत्र्याऐवजी काळी जाळी दोन-तीन पदरी तिरकी लावा, हवा तिच्या आरपार जाते. माझा तिसरा ड्रायर जाळीचा आहे, त्याच आकारात तो सगळ्यात बरा चालतो.

पेटीचा उतार: तुमच्या जागेच्या अक्षांशाइतका कोन, उत्तर गोलार्धात तोंड दक्षिणेला. ह्यात दोन-चार अंश इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही, उगाच कोनमापक घेऊन बसू नका.

धुराडं मीटरभर तरी उंच करा, वर टोपी, बाहेरून काळं. आत येण्याच्या फटीला आणि वरच्या तोंडाला बारीक जाळी. मात्र जाळी हवेचा बराच भाग अडवते, म्हणून जिथे जाळी तिथे तोंड हिशेबापेक्षा मोठं.

वाचकमात्र
काचेऐवजी प्लास्टिकचा कागद चालेल का?

सुतारपक्षी
चालेल, पण अतिनील किरणं सोसणारा, हरितगृहाला वापरतात तो २०० मायक्रॉनचा. साधा कागद एका उन्हाळ्यात पिवळा पडून फाटतो. पॉलीकार्बोनेट शीट उत्तम, हलकी आणि फुटत नाही. काच जड, पण पुसली की नवी. माझं मत काचेला.

मोजपट्टी
पंख्याबद्दल कुणी बोललं नाही अजून. नैसर्गिक ओढीवरचा ड्रायर दमट दिवसांत, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी, मान टाकतो. संगणकातला १२ सेंमीचा, १२ व्होल्टचा पंखा आणि छोटं सौर पॅनल लावलं तर ऊन वाढलं की वारा वाढतो, ढग आला की दोन्ही कमी होतात. ताप आपोआप आवाक्यात राहतो. जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठाने विकसित केलेल्या लांबलचक टनेल ड्रायरमध्येही पंखे असेच पॅनलवर चालतात.

एक धोका. "१२ व्होल्टचं" म्हणून मिळणारं पॅनल उन्हात १७-१८ व्होल्ट देतं, आणि त्याच्यावर भार कमी असेल तर २१ च्या आसपास. पंखा थेट जोडला तर काही दिवसांत जळतो. मधे व्होल्टेज उतरवणारी छोटी बक कन्व्हर्टरची पट्टी लावा.

पंखा खाली, आत येणाऱ्या तोंडाशी बसवा. वर लावला तर दमट गरम हवेत त्याचं बेअरिंग जातं. खालून ढकललेल्या हवेचा आणखी एक फायदा, फटींमधून हवा बाहेर जाते, धूळ आत ओढली जात नाही.

शंकासुर
पेटीत काळे दगड किंवा पाण्याच्या बाटल्या ठेवून रात्रीही वाळवता येतं म्हणतात?

सुतारपक्षी
दुसऱ्या ड्रायरमध्ये १५ किलो खडी भरली होती. सकाळचे दोन तास सगळी उष्णता खडीच खायची. पानांना सकाळचा कोवळा ताप सगळ्यात मानवतो आणि तोच जायचा. खडी काढून झाडांच्या बुंध्याशी टाकली. रात्री उलट दोन्ही तोंडं घट्ट बंद करायची. उघडी ठेवली तर रात्रीची दमट हवा आत शिरते आणि दिवसभर वाळवलेली पानं पाणी परत पितात.

पानोपानी
पानं भरण्याबद्दल थोडं.

सकाळी दव उडाल्यावर, ऊन चढायच्या आत तोडा. तुळस-पुदिना शक्यतो फुलोऱ्यावर यायच्या आधी. धुवायची असतील तर देठासकट धुवा, झटका, कापडावर पसरून वरचं पाणी जाऊ द्या आणि मगच पानं खुडा. गवती चहा कात्रीने तुकडे करून. अडुळशाची मधली शीर जाड असते, पान कुरकुरीत वाटतं आणि शीर आत ओली राहते. ब्राह्मीसारखी मांसल पानं पातळच पसरा, त्यांच्यात पाणी फार.

ट्रेमध्ये थर असा हवा की वरून पाहिलं तर मधूनमधून जाळी दिसली पाहिजे. तुमचे चार ट्रे मिळून १.२ चौरस मीटर, त्यात किलो-सव्वा किलो पानं. खालचा ट्रे आधी वाळतो, म्हणून दर दोन तासांनी ट्रे खालीवर करा.

एका वेळी एकच वनस्पती. वास मिसळतात हा एक भाग. दुसरं असं की वाळलेली पानं एकमेकांसारखी दिसतात, आणि औषधात "बहुतेक हेच असावं" चालत नाही. माझ्याकडे प्रत्येक ट्रेला कपडे वाळत घालायच्या चिमट्याने चिठ्ठी लावलेली असते, ती पानांबरोबर बरणीपर्यंत जाते.

वाचकमात्र
वाळलं हे ओळखायचं कसं? कुठेतरी वाचलं होतं की बरणीत कोरडं मीठ आणि पानं घालून हलवायचं, मीठ काचेला चिकटलं तर ओलं.

मोजपट्टी
मिठाची चाचणी धान्यासाठी वापरतात. १५ टक्क्यांच्या खाली गेलंय की नाही एवढंच ती सांगते. पानांना १० च्या आत जायचंय, त्यामुळे मीठ पास करेल आणि बरणीत महिन्याने बुरशी दिसेल. वजनावर जा. पहिल्यांदा थोडी पानं मोजून घ्या आणि लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत पूर्ण कोरडी करा. त्यावरून तुमच्या पानात घन भाग किती ते कळतं. तो भागिले ०.९ म्हणजे तुम्हाला गाठायचं वजन. ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा वजनकाटा पुरतो.

आणि थर्मामीटर ट्रेमध्ये, पानांच्या पातळीला ठेवा. काचेतून येणारं ऊन त्याच्यावर पडलं तर तो हवेचा नाही, स्वतःचा ताप सांगेल.

पानोपानी
देठ आणि शीर मोडून बघा. "कट्" आवाज आला पाहिजे. वाकली तर परत आत. बाहेर काढल्यावर पूर्ण थंड होऊ द्या पण उघड्यावर रात्रभर ठेवू नका. घट्ट झाकणाची बरणी, अंधारी जागा. पूड गरजेपुरतीच करा, अख्खं पान जास्त टिकतं. पहिला आठवडा रोज बरणी बघा, आत काचेवर धुकं दिसलं की लगेच बाहेर.

बुरशी आलेला माल मात्र उन्हात तापवून "ठीक" करू नका. बुरशी मरते, तिने सोडलेलं विष तसंच राहतं. सरळ फेकून द्या.

खटपट्या
तीन आठवड्यांनी येतोय. सुतारपक्षी, पैज जिंकलात. मागची फळी काढली तर थर्मोकोल मधोमध आक्रसून बशीसारखा झालेला, कडेला पिवळट. सगळा काढून भुसा भरला. पत्रा खाली घेतला, हवा त्याच्या खालून. छत कापून १५ × २० सेंमीचं धुराडं, सव्वा मीटर उंच. पंखा खाली, बक पट्टीसकट. (पट्टीबद्दल वाचायच्या आधी एक पंखा जाळून झाला होता. मोजपट्टीताई, तुमचा प्रतिसाद पूर्ण वाचायला हवा होता.) आठवडाभर रिकामा तापवला, रंगाचा वास गेला.

काल १३०० ग्रॅम तुळशीची पानं भरली. माझ्या पानांत घन भाग २० टक्के निघाला, म्हणजे गाठायचं वजन २८९ ग्रॅम. साडेनऊला दार लावलं. दुपारी सगळ्यात खालच्या ट्रेला ४३, वरच्याला ३७. ओघळ नाहीत. साडेचारला एकूण ३१८ ग्रॅम. पानं हिरवी! थोडी गडद, पण हिरवी, आणि वास बोटांना चिकटून राहतो.

रात्री खालची फट आणि धुराडं दोन्ही कापडाचे बोळे घालून बंद केलं. सकाळी मोजलं तर ३२४. मग परत ऊन घेतलं, अकरा वाजता २८७. देठ कट्‌ मोडतो.

पानोपानी
वा! बरणीवर तारीख घातली ना?

खटपट्या
घातली, चिमट्याची चिठ्ठीसुद्धा.

मोजपट्टी
सगळं छान, पण ३१८ चे ३२४ कसे झाले? तोंडं बंद होती ना? त्या पानांनी रात्री ६ ग्रॅम पाणी कुठून प्यायलं?

शंकासुर
मीही हेच विचारणार होतो.

सुतारपक्षी
दार. आज अंधार पडल्यावर कपाटात टॉर्च पेटवून ठेव आणि बाहेरून बघ.

खटपट्या
बघितलं. बिजागरीच्या बाजूने वरपासून खालपर्यंत उजेडाची सरळ रेघ. धुराड्याच्या तळाशीही एक ठिपका. उद्या रबरी पट्टी आणतो.